वाफेचं लफडं

कळलं का काही? हल्ली मुलांच्या दप्तरात एक हायलायटर असतो आणि त्यानं पुस्तकातली एकही ओळ रंगत नाही. फिकट गुलाबी, पोपटी, आकाशी असल्या बाळबोध रंगांचा, बोटभर लांब, बुडाला चार्जरचं भोक. एका टोकाला ओठ लावून श्वास ओढला की दुसऱ्या टोकाला इवलासा दिवा लागतो आणि खोलीभर आइस्क्रीमच्या दुकानाचा वास सुटतो. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना तो लेकीच्या कपाटात सापडला. त्यांनी हुंगला, त्यांना आवडला, आणि अत्तराची नवी तऱ्हा समजून मनगटावर घासूनही पाहिला म्हणे! तो व्हेप, म्हणजे ई-सिगारेट आहे, हे कळल्यावर त्या महिन्याच्या भिशीला काकू आल्याच नाहीत. बरंच झालं, बाकीच्यांना मोकळेपणी बोलता आलं.

पहिला उद्गार अपेक्षेप्रमाणे निघाला, "मुलगी असून!" दुसरा, "आणि बारावीचं वर्ष!" व्हेप करायला कोणतं वर्ष चांगलं, हे कोणी सांगितलं नाही. लेकीचा खुलासा मात्र सगळ्यांना शब्दन्‌शब्द पाठ झालाय. "आई, ती सिगारेट नाहीये. त्याला धूर नसतो, नुसती वाफ असते. आणि सर्दी झाली की तूच नाही का मला वाफ देत?" फ्लेवर होता मँगो आइस. काकूंचं माहेर देवगडचं, आंब्याचं नाव निघाल्यावर त्या जरा सैल पडल्या असणार.

आता ती 'वाफ' म्हणजे काय, तर प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन हे दोन चिकट द्रव तापलेल्या तारेवर उडवून केलेला बारीक थेंबांचा ढग. त्यात निकोटीन, त्यात आंबा. पातेल्यावर टॉवेल घेऊन बसणाऱ्या आज्यांचा यात काही संबंध नाही, त्यांची नाहक बदनामी थांबवा.

बरं, ही चीज मिळते कुठे? कुठेच नाही. म्हणजे, कायद्यानं कुठेच नाही. १८ सप्टेंबर २०१९ ला खुद्द अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी ई-सिगारेटबंदीच्या वटहुकमाची घोषणा केली आणि त्याच वर्षी संसदेनं कायदा केला. बनवायची नाही, आणायची नाही, विकायची नाही, साठवायची नाही, जाहिरात करायची नाही. बनवताना-विकताना पहिल्यांदा सापडलात तर वर्षापर्यंत कैद, लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर तीन वर्षांपर्यंत आणि पाच लाखांपर्यंत. फक्त ओढणाऱ्याला या यादीत शिक्षा सांगितलेली नाही. नागरिकशास्त्रात काठावर पास झालेल्या पोरांना ही एवढी एक पळवाट तोंडपाठ आहे! टपरीवर जाऊन विचारून बघा. आधी उत्तर येईल, "नाय मिळत." मग तो तुम्हाला आपादमस्तक न्याहाळेल आणि आवाज खाली घेऊन विचारेल, "कुठला फ्लेवर?" याआधीची टूम आठवते ना, हुक्क्याची? डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईत कमला मिलची आग लागली, त्यानंतर २०१८ मध्ये राज्यानं हुक्का पार्लरं बंद केली. पोरं बिचारी किती दिवस मोकळ्या हातांनी बसणार?

या ई-सिगारेट नावाच्या बयेचं कुळशील काढलं तर सुरुवात मोठी सात्त्विक निघते. हॉन लिक नावाचे एक चिनी औषधतज्ज्ञ. स्वतः पट्टीचे ओढणारे, वडीलही तसेच, आणि वडील फुप्फुसाच्या कर्करोगानं गेले. सिगारेट सुटावी म्हणून या गृहस्थांनी २००३ मध्ये आजच्या ई-सिगारेटचं यंत्र तयार केलं. हेतू सोन्यासारखा. मग अमेरिकेत स्टॅनफर्डमध्ये शिकलेल्या दोघांनी २०१५ मध्ये 'जूल' बाजारात आणलं. दिसायला हुबेहूब पेन ड्राइव्ह! लॅपटॉपला लावून चार्ज करा. आईबापांना वाटायचं, पोरगं प्रोजेक्ट करतंय. त्यात एक रासायनिक चतुराई होती. निकोटीन नुसतं ओढलं तर घशाला टोचतं, पहिल्या झुरक्याला ठसका लागतो, आणि त्या ठसक्यानंच निम्मी पोरं माघारी फिरत आलीत. इथे बेंझॉइक आम्ल घालून निकोटीनचा क्षार केला, तो घशाखाली लोण्यासारखा उतरतो. म्हणजे दारावरचा कुत्राच पळवून लावला. द्रव भरलेल्या एका पॉडमध्ये निकोटीन मात्र साधारण वीस सिगारेटच्या पाकिटाएवढं, हे कंपनीच सांगायची.

आणि पुढची कथा तर अशी की भिशीतल्या बायकांनीही कानावर हात ठेवावेत. डिसेंबर २०१८ मध्ये मार्लबोरोवाल्या अल्ट्रिया कंपनीनं १२.८ अब्ज डॉलर मोजून जूलचा ३५ टक्के हिस्सा घेतला. जी सिगारेटचं घर मोडायला निघाली होती, ती वाजतगाजत त्याच घरात नांदायला गेली. हुंडा कोणी कोणाला दिला ते तुम्हीच ठरवा.

भिशीत या विषयावर फुप्फुसांचीच काय ती चर्चा झाली. साहजिक आहे. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेप करणारी तरुण माणसं धाप लागून इस्पितळात भरती व्हायला लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत आकडा २८०० च्या वर गेला आणि ६८ जण दगावले. त्यातल्या बऱ्याचशा प्रकरणांत गांजाचं तेल आणि त्यात मिसळलेलं व्हिटॅमिन ई ॲसिटेट सापडलं. झालं, वाफवाल्यांनी हात झटकले : बघा, ते आमच्यातले नव्हतेच. तेवढ्यापुरतं त्यांचं म्हणणं खरंही आहे. पण फुप्फुसाचं लफडं गाजतं, कारण माणूस खोकतो. रक्तवाहिन्या खोकत नाहीत. खरी भानगड तिथे चालू आहे, आणि तीही पहिल्या पाचदहा मिनिटांतच.

रक्तवाहिनीला आतून एक अस्तर असतं. जाडी किती, तर एका पेशीची. महारोहिणीपासून केसाहून बारीक केशवाहिनीपर्यंत सगळीकडे तेच. १९८० पर्यंत या अस्तराला फारसं कोणी विचारत नव्हतं. मग ब्रुकलिनच्या रॉबर्ट फर्चगॉट यांच्या लक्षात आलं की सशाच्या महारोहिणीच्या तुकड्याला ॲसिटिलकोलीन लावलं तर ती सैलावते, पण तयारी करताना चुकून आतलं अस्तर घासलं गेलं असेल तर उलट आवळते. म्हणजे सैल होण्याचा हुकूम त्या एका पेशीच्या थराकडून सुटत होता! तो निरोप्या म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, एक साधा वायू. त्यासाठी फर्चगॉट, लुई इग्नॅरो आणि फरीद मुराद यांना १९९८ चं नोबेल मिळालं. यातली गंमत अशी की ज्या नायट्रोग्लिसरीनपासून आल्फ्रेड नोबेलनं डायनामाइट केला, तेच त्याला म्हातारपणी छातीच्या दुखण्यावर डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. ते औषध रक्तवाहिनीत हाच वायू सोडतं, हे मात्र बिचाऱ्याला कधीच कळलं नाही.

हे अस्तर धड आहे की नाही, ते बघायची एक परीक्षा आहे आणि ती बघायला मोठी मजेची. माणसाला पलंगावर निजवतात. बीपीचा पट्टा हाताला बांधून पाच मिनिटं असा करकचून फुगवतात की पुढे रक्त जाऊच नये. तळहात पांढरा पडतो, मुंग्या येतात, माणूस कुरकुरतो. मग फटकन हवा सोडतात. अडवलेलं रक्त लोंढ्यानं धावतं, त्याचं घासणं अस्तराला जाणवतं, अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि मिनिटभरात दंडातली धमनी रुंदावते. किती? चारेक मिलिमीटरची नळी मिलिमीटरच्या दोनतीन दशांशांनी. सोनोग्राफीच्या पडद्यावर दोन पांढऱ्या रेघा जराशा लांब सरकतात, एवढंच. पण त्या सरकल्या नाहीत तर समजायचं, आत काहीतरी बिनसलंय. छातीत एकदाही दुखलेलं नसताना हे दिसतं.

लंडनमध्ये डेव्हिड सेलरमायर आणि मंडळींनी ही परीक्षा रूढ केली आणि १९९३ मध्ये सिगारेट ओढणाऱ्या तरुणांना बसवलं. वरून धडधाकट, गोरीगोमटी माणसं. धमन्या मात्र रुंदावायला तयार नाहीत, आणि जितकी पाकिटं जास्त तितक्या जास्त हट्टी. १९९६ मध्ये त्याहून वाईट निघालं. ज्यांनी आयुष्यात सिगारेट हातात धरली नाही, फक्त दुसऱ्याचा धूर रोज तासभर सोसला, अशा तरुणांच्याही धमन्या तशाच नापास. बी विंगचे काका बाल्कनीत उभे राहून ओढतात आणि "मी घरात ओढत नाही" म्हणून वर मान करून सांगतात. बाल्कनीचं दार उघडं असतं हे काकी सांगत नाहीत, त्या सोसून घेतात.

सिगारेटचं एक वेळ कळलं. धुरातले जहाल कण नायट्रिक ऑक्साइडला जन्मतःच गिळतात, कार्बन मोनॉक्साइड रक्तात ऑक्सिजनची जागा बळकावतो, निकोटीन ॲड्रिनलीनला चेव आणून नळ्या आवळतं, रक्तातल्या बिंबिका एकमेकींना चिकटायला बघतात. पण वाफेत तर जाळणं नाही, टार नाही. मग?

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठानं २०१९ मध्ये ३१ निरोगी, सिगारेट न ओढणारी तरुण माणसं निवडली आणि त्यांना ई-सिगारेटचे फक्त सोळा झुरके घ्यायला लावले. मग एमआरआयमध्ये मांडीची मोठी धमनी बघितली. तिची रुंदावण्याची ताकद ३४ टक्क्यांनी घसरली होती. आणि आता खुर्ची घट्ट धरा : त्या द्रवात निकोटीन नव्हतंच! "झीरो निकोटीन आहे, नुसता फ्लेवर" म्हणून जे खपवतात ना, ते हेच. २०२४ मध्ये अर्कान्सा विद्यापीठाच्या मंडळींनी शिकागोच्या रेडिओलॉजी परिषदेत आणखी एक तुलना मांडली. सिगारेट, निकोटीनची वाफ, बिननिकोटीनची वाफ, तिन्हींच्या आधी आणि नंतर मांडीतला रक्तप्रवाह मोजला. तिन्हींनंतर वेग पडला. सगळ्यात जास्त पडला तो निकोटीनच्या वाफेनंतर, त्याखालोखाल बिननिकोटीनच्या. आकाशी रंगाच्या हायलायटरनं चक्क सिगारेटला मागे टाकलं. एका वेळचा असर उतरतो, हे कबूल. पण पेटवायला काडी नको, विझवायला रक्षापात्र नको, संपली असं सांगायला थोटूक नको. अशी वस्तू माणूस दिवसात किती वेळा तोंडाला लावतो ते जरा मोजून बघा. सिगारेट निदान संपते तरी.

मग दोष कोणाचा? ग्लायकॉल आणि ग्लिसरीन तापलं की ॲक्रोलीन, फॉर्माल्डिहाइड असली मंडळी जन्माला येतात. आणि फ्लेवर! स्टॅनफर्डनं २०१९ मध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या अस्तराच्या पेशींवर वेगवेगळे फ्लेवर टाकून पाहिले. सगळ्यात जास्त नुकसान करणाऱ्यांत कोण, तर दालचिनी आणि मेंथॉल. ऐका! दालचिनी! मसालेभातातली आपली घरंदाज दालचिनी! पोटातून जाते तेव्हा जठर, आतडी, यकृत असे रीतसर नाके लागतात. फुप्फुसातून ती थेट रक्ताच्या दारात. मसाल्याच्या डब्याला दोष देऊ नका, पत्ता चुकलाय.

आता दुसऱ्या बाजूचंही ऐकून घेऊ, नाहीतर म्हणाल एकांगी चहाड्या करते. स्कॉटलंडमध्ये डंडी विद्यापीठानं बरीच वर्षं सिगारेट ओढणाऱ्या ११४ जणांचा अभ्यास केला. जे ई-सिगारेटवर गेले त्यांच्या धमन्या महिन्याभरात थोड्या सुधारल्या, रुंदावण्याचं टक्केवारीतलं प्रमाण साधारण दीड अंकानं वाढलं. म्हणजे जुन्या धुराड्याला वाफेवर आणलं तर त्याच्या नळ्यांना हायसं वाटतं, यात खोटं काही नाही. इंग्लंडच्या सरकारी आरोग्य संस्थेनं तर २०१५ मध्ये ई-सिगारेट ९५ टक्के कमी घातक असल्याचा अंदाज छापला होता. तो आकडा आमच्या सोसायटीतल्या अकरावीच्या पोरालाही ठाऊक आहे. त्यानं आधी कोणती सिगारेट सोडली, ते मात्र त्याला सांगता येईना. त्याच ब्रिटननं १ जून २०२५ पासून वापरून फेकायच्या व्हेपवर बंदी घातली, हे त्याला ठाऊक नव्हतं. आणि मोठी माणसं वाफेवर जातात म्हणजे काय करतात? ऑफिसात वाफ, घरी सिगारेट. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, इथे तो दोन्हीकडे पोटभर जेवतो.

हे सगळं बोलून झाल्यावर भिशीतल्या एका मावशी उठल्या आणि मोरीत जाऊन मशेरी लावून आल्या. कोणी भुवई वर केली नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात तंबाखू ओढणारे मोठे लोक जेमतेम ३.८ टक्के होते आणि ती चघळणारे, घासणारे, दाढेखाली धरणारे २४.४ टक्के. आपण मूळचे खाणारे लोक! म्हणून धुराचा आपल्याला एवढा तिटकारा आणि चुन्याच्या डबीचं एवढं कौतुक. हिरडीतून रक्तात शिरलेलं निकोटीन नळी आवळायचंच काम करतं, ते कुठल्या दारानं आलं याची चौकशी करत नाही.

बी विंगच्या काकांचा बचाव वेगळा आहे. "मी काय चेन स्मोकर आहे का? जेवणानंतर एकच." हे 'एकच' फार भाव खाऊन जातं. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०१८ मध्ये बरेच अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला गेला. साधं गणित सांगतं की विसातली एक ओढली तर धोका विसाव्या हिश्शाचा. फुप्फुसाच्या कर्करोगात असं काहीसं चालतंही. हृदयाच्या बाबतीत रोजच्या एका सिगारेटनं वीस सिगारेटच्या जादा धोक्यातला जवळपास निम्मा वाटा पदरात पडतो. अस्तराला थोडक्यानंच राग येतो, मग पुढच्या एकोणीस जणी नुसत्या भर घालतात. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग वीसच ओढायला काय हरकत आहे?" काकांशी वाद घालू नये.

वाद त्यांच्याशी घालावा ज्यांना 'बर्जर' म्हटलं की खायचा पदार्थ आठवतो. रक्तवाहिन्यांच्या वॉर्डात हे आडनाव एका आजाराचं नाव म्हणून घेतात. १९०८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिओ बर्जर यांनी या आजाराचं सविस्तर वर्णन केलं. हातापायांच्या लहान धमन्या सुजतात, त्यात गुठळ्या होतात, बोटं थंड पडतात, काळी पडतात, आणि पुढे कापावी लागतात. रोगी बहुतेक चाळिशीच्या आतले पुरुष, आणि जवळजवळ झाडून सगळे तंबाखूवाले. आपल्याकडे मान विडीचा. गडचिरोली-गोंदियाच्या जंगलातलं तेंदूपान, सिन्नर-सोलापुरात बायकांनी वळलेली. अशा रोग्याला रात्री ओळखायचं तर पलंग बघा : आडवा झालेला माणूस एक पाय खाली लोंबकळत सोडून असतो, कारण पाय वर घेतला की त्यात उतरणारं थोडंसं रक्तही थांबतं आणि कळ सहन होत नाही. या आजाराला हमखास उपाय एकच, तंबाखू पूर्ण बंद. 'कमी केली' चालत नाही. तरीही अंगठा गेल्यावर जिन्याखाली जाऊन विडी पेटवणारे असतात, आणि त्यांना काडीपेटी देणारेही.

पण पोरांना हे सांगून उपयोग नाही. हार्ट ॲटॅक बाबांना येतो, पाय विडीवाल्याचा जातो, असा त्यांचा पक्का समज. म्हणून आमच्याकडच्या एका डॉक्टरीण वहिनींनी युक्ती काढली. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांनी सभ्य भाषेत टाकलं की पुरुषाच्या शरीरात एके ठिकाणच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बऱ्याच अरुंद असतात. अस्तर बिघडलं तर तक्रार आधी तिथून येते, छातीतून कळ निघायच्या कितीतरी आधी. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत रोज व्हेप करणाऱ्या पुरुषांनी ही तक्रार नोंदवण्याची शक्यता कधीच न करणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त निघाली, अगदी हृदयविकार नसलेल्या वीस ते पासष्ट वयाच्या पुरुषांतसुद्धा. एकामुळेच दुसरं झालं असं अशा पाहणीतून सिद्ध होत नाही, हेही वहिनींनी प्रामाणिकपणे लिहिलं. ते वाक्य कोणी वाचलं नाही.

ग्रुपवर सन्नाटा. मग सचिवांनी लिहिलं, "हा ग्रुप पाणी आणि पार्किंगसाठी आहे, सभासदांनी औचित्य पाळावं." मेसेज काढून टाकण्यात आला. तोवर शहाऐंशी जणांनी तो वाचला होता आणि त्यातल्या किमान तिघांनी आपापल्या मुलांना 'फॉरवर्डेड' पाठवला होता. संध्याकाळी वहिनींना बी विंगमधून खाजगी निरोप आला. "मॅडम, विषय चांगला होता. एक सहज शंका. मित्रासाठी विचारतोय. हे रोजच्या एकाच सिगारेटला पण लागू आहे का?"